दुसरा गिअर

लॉट नंबर चौदा: एक शक्तिमान, एक डोझर
आणि न मागता गळ्यात पडलेले सहा ड्रम, चार रिकामे.
देहूरोडहून मंठ्याला यायला तीन दिवस लागले.
डोझर ट्रेलरवर आडवा होऊन आला, साहेबासारखा.
शक्तिमान स्वतःच्या पायांनी.
नगरला पाणी प्याला, गेवराईला पाणी प्याला,
वाटूरफाट्यावर रुसून बसला रात्रभर.

नंबरप्लेटवरचा वर बघणारा बाण
मेव्हण्यानं तारेच्या ब्रशनं खरवडला.
आरटीओतल्या साहेबानं विचारलं, बाण कुठाय?
बन्सी म्हणाला, वर गेला.
मग पिवळ्याचे दोन हात दिले.
तरी दर उन्हाळ्यात पोपडे निघतात
आणि खालून हिरवा उगवतो,
शिवारात दुसरं काहीच हिरवं नसताना.

अजमत मिस्त्री स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून
इंजिनाचं ऐकून घ्यायचे.
“फौजी है ये. इसकू ढकलो नक्को, हुकूम देव.”
हुकूम आम्ही खूप दिले.
त्यानं ऐकले ते डिझेलच्या लायनीतली हवा काढल्यावर.

जालन्याच्या भंगारात आम्हाला नावानं ओळखायचे.
एक गाडी चालावी म्हणून दोन खोलल्या.
सील मिळेना तेव्हा म्हशीच्या कातड्याचं कापलं,
ते तीन वर्षं टिकलं, कंपनीचं आठ महिने.

डोझरचं वेगळं.
त्याला घाई नाही, माफीही नाही.
नाल्यातून वर आला की साखळीतली काळी माती
त्याच रात्री खुरप्यानं काढायची, बॅटरीच्या उजेडात.
वाळली की ती माती राहत नाही,
पार्ट होते.
पिना झिजतात, बुश झिजतात,
ग्रीसचा डबा घरात तेलाच्या आधी संपतो.

आता त्या दोन ओळींचं सांगतो.
ड्रायव्हरच्या दाराला आतून,
खिळ्यानं कोरलेल्या, गोल गोल अक्षरांच्या,
मंठ्यात कुणालाच न येणाऱ्या.
बन्सी म्हणायचा, बाईचं नाव असणार.
अजमतभाई म्हणायचे, दुआ.
मला वाटायचं, सोबतचा कुणीतरी बर्फात राहिला असेल.
शेवंता खंडेनवमीला पान्यांना कुंकू लावायची
तेव्हा दोन बोटं तिथंही टेकवायची.
“काय बी असंल. मन लावून लिहिलंय.”

अकराव्या वर्षी बोअरची गाडी आली, तिरुचेंगोडची.
मुरुगेसन जॅक मागायला आला,
दाराशी थांबला, ओळींवरून बोट फिरवलं,
आणि असा हसला की खालचे दात दिसले.
“सेकंड गिअर फिसलता. हाथ से पकड़ो.
उतार में छोड़ना नहीं.”

बस्स. एवढंच.

बन्सी आपला डावा तळवा बघत राहिला.
तिथं रुपयाएवढा घट्टा आहे,
मांजरसुंब्याच्या घाटात पडलेला, पहिल्याच उन्हाळ्यात,
खडी मागं, दरी डाव्या अंगाला,
आणि दांडा हातात जनावरासारखा झटके देणारा.
जे दारावर लिहिलेलं होतं
ते आम्ही तळव्यानं वाचत आलो होतो.
मी म्हणालो, म्हणजे तक्रारीची पूजा केली की आपण.
शेवंता म्हणाली, तक्रार कशाची?
तक्रार वरच्याला लिहितात. हे मागून येणाऱ्याला लिहिलंय.
त्या खंडेनवमीला तिनं कुंकू जरा जास्तच लावलं.

परवा सौदा झाला. डोझर राहतोय,
शक्तिमान सेलूच्या एका पोराला दिला,
पाण्याचा टँकर करणार म्हणतो.
चावी द्यायच्या आधी मी खिळा घेतला,
त्या दोन ओळींच्या खाली, जमेल तसं, कोरलं:
काटा खोटं बोलतो.
अर्ध्यावर आला की भरून घे.

बन्सी म्हणाला, ‘भरून घे’च्या खाली रेघ मार.
मारली.