पासंग

सकाळी सात चाळीसला मी दार उघडते.
यंत्राच्या शिशाच्या विहिरीत तेव्हा काही नसतं,
आणि त्या काही-नाहीचाही एक आकडा असतो.
तो आधी लिहायचा.

मग सीझियम.
चिमट्यानं उचललेली, कधीच न उघडायची ती कुपी
दोन हजार नऊच्या मार्चमध्ये दोनशे होती,
आज तिनं एकशे अडतीस दाखवायला हवेत.
किती झिजायचं ते तिचं ठरलेलं आहे.
माणसाबद्दल असं कुणी मला लिहून मागितलं
तर मी सही करणार नाही.

मुंबईहून निघालेला जनरेटर
कोगनोळी नाक्यावर पाऊण तास अडला एकदा.
कागद इकडचे की तिकडचे, त्यावरून.
आतलं मॉलिब्डेनम थांबलं नव्हतं,
नाक्याच्या दोन्ही अंगांना एकाच चालीनं कमी होत होतं.
मी वेळ विचारली, मिनिटासकट,
आणि तेवढं वजा केलं.

रविवार पेठेत बाबा तराजू दुरुस्त करायचे.
गूळवाले, मिरचीवाले, निपाणीचे तंबाखूवाले,
कुणी कानडीत घाई करायचं, कुणी मराठीत.
बाबा आधी रिकामी पारडी उचलून बघायचे, उगाच बराच वेळ,
आणि हलक्या पारड्याच्या तळाला
मेणानं एक चिंचोका चिकटवायचे.
"खोटं वजन गिऱ्हाइकाला कधीतरी कळतंय.
खोटं शून्य मालकालाबी कळत नाही."

गेल्या गुरुवारी शून्य जागेवर येईना.

विहिरीतलं अस्तर काढलं, नवं घातलं.
हातमोजे बदलले. महांतेशनं सिंक तपासलं,
कचऱ्याचा डबा लांब नेऊन ठेवला.
आकडा वरच.
साडेनवाला बैलहोंगलच्या गंगव्वांची गोळी मोजायची होती,
गळ्यातल्या गाठीसाठी, आयोडीनची.
"मॅडम, एवढ्यानं काय होतंय?"
आणि खरंच, त्या गोळीला काही झालं नसतं.
मणामागे चिमूटभरसुद्धा नाही.
तरी मी हातातला मीटर घेऊन भिंतीला लागले,
घरात विंचू निघाल्यावर शोधतात तशी,
कोपरा कोपरा.

खिडकीखाली टिकटिक दाट झाली.

भिंतीपलीकडे, मागच्या बोळातल्या बाकावर,
येळ्ळूरच्या तुळसा बिर्जे.
हाडांच्या फोटोसाठी सकाळी सुई दिलेली,
तीन तास थांबायला सांगितलेलं.
आतल्या खोलीतला टीव्ही सोसेना म्हणून इथं आलेल्या,
पाठ भिंतीला, चपला बाजूला,
ओच्यात मटाराच्या शेंगा.

"काकू, आतच बसा की जरा."
"का गं, मी काय केलंय?"
"काही नाही. तुमच्यामुळं आमचं शून्य हललंय."
त्यांनी एक शेंग उकलली, आत बघितलं,
किडका दाणा नखानं उडवला.
"मग कच्चंच हाय म्हणायचं तुमचं शून्य."

उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.
ज्या हाडांसाठी आल्या होत्या, त्यांनीच
आवाज केला. चालत गेल्या तसा
माझ्या हातातला आकडा त्यांच्यामागून उतरत गेला,
वळणावर थोडा रेंगाळला, मग नेहमीचा.

कुपी पुन्हा ठेवली. एकशे अडतीस पूर्णांक सहा.
गंगव्वांची गोळी वेळेवर गेली.
वहीत "कारण" म्हणून एक रकाना आहे, दोन बोटं रुंद.
यंत्रदोष, गळती, इतर.
"इतर"समोर लिहिलं: तु. बि., भिंतीपलीकडे.
महांतेश हसला. खोडलं नाही.

दुपारी बाकावर कागदाची पुडी सापडली.
ओंजळभर सोललेले मटार,
कुणासाठी ते सांगितलेलं नव्हतं.
सवयीनं मीटर फिरवला.
काही नाही.
या काही-नाहीचा आकडा मात्र मी कुठं लिहिला नाही.
दाराबाहेर आले, हात धुतले,
आणि उभ्यानंच खाल्ले सगळे.