मानशीचं दार

राजीनाम्याचा मसुदा
तीन चवथींपासून ड्रॉवरात.
दरवेळी एक स्वल्पविराम हलवतो,
तारीख कोरीच.

आधी कर्ज फिटू दे, म्हटलं.
मग बोनस.
मग काजूचा हंगाम, ज्याचा
ना विम्याच्या दाव्यांशी संबंध,
ना घरी सरसाची वाट बघणाऱ्या
फुटक्या व्हायोलिनांशी.

काल चोडणच्या बांधावर
शाणू गावकार मानशीपाशी विडी ओढत बसलेला.
दार कधी उघडतोस?
"मी कुठं उघडतो?
ओहोटी लागली की आतलं पाणीच ढकलतं.
मी नुसता अडकलेला पालापाचोळा काढतो."

आज फेरीबोटीत,
रायबंदर यायच्या आत,
गुडघ्यावर कागद धरून तारीख घातली.
अक्षर जरा हललंय.
इंजिनामुळे, म्हणेन.