आठाची कंबर

भुसार बाजारातल्या त्या गाळ्यात
प्रिंटर निम्मा हळदीचा झाला होता.
झाकण उघडलं तर तुरीची फोलपटं,
एक वाळलेलं झुरळ,
आणि रिबनवर कुणीतरी सोडलेलं खोबरेल.
"शाई सुकली होती ना," थोपटेबाई म्हणाल्या,
"केसांना चालतं, म्हटलं याला का नाही."

तक्रार एकच : छपाई फिकी.
कागदाच्या जाडीचा खटका पाहिला, तर चारवर.
जाड कार्बनच्या पावत्या कधीच गेल्या,
आता पातळ तीन प्रती, पांढरी, गुलाबी, पिवळी,
पण खटक्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
दोनवर आणला. रिबन बदलली.
बटण दाबून धरलं, वीज दिली,
आणि त्याने सगळी मुळाक्षरं म्हणून दाखवली,
किर्र किर्र, काळीभोर, देखणी.
गल्ल्यावरून कटारियाशेठ : "झालं? किती?"

दारात मारुती उभे. खांद्यावर घडी केलेलं पोतं,
हातात कालची पिवळी पावती.
"शेठ, आठाला कंबरच नाही.
अठ्ठ्याऐंशी पोती वाहिली मी,
इथं दोन भोपळे."

"अरे, तिसरी प्रत. फिकीच असायची."

उभेनं पावती पालथी घातली,
मागून अंगठा फिरवला, हळू,
तांदळातला खडा शोधावा तसा.
"फिकी असती तर मागं टोचली असती.
इथं सुई पडलेलीच नाही."

सव्वीस वर्षं मी ही यंत्रं उघडतोय.
पावती उलटी करून कधी पाहिली नव्हती.

मघाची चाचणी मी सुबक अक्षरावर घेतली होती.
तिथे डोकं प्रत्येक ओळीवरून दोनदा जातं,
दुसऱ्यांदा केसभर सरकून,
आणि मेलेल्या सुईची जागा
शेजारच्या सुया झाकून नेतात.
ड्राफ्टमध्ये एकच फेरा. तिथे झाकायला कोणी नाही.
ड्राफ्ट लावला :
एचच्या दोन काठ्या उरल्या,
वजाबाकीची रेघ पार गायब,
आणि आठ, सगळेच्या सगळे, शून्य.

"मग सुबकवरच राहू दे की कायमचं," शेठ म्हणाले.
"सीझनला फार हळू चालतो हो," थोपटेबाई पुटपुटल्या,
"म्हणून मीच बदललं, मागच्या सोमवारी."

स्विचांचं छोटं झाकण काढलं.
आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं :
'चौथा खाली. हात लावू नये.'
'ला'चा काना असा वाकडा
दुसरं कुणी काढत नाही.
अक्षर माझंच होतं.

कधी लिहिलं, आठवेना.
घाई असेल. शेठ घासाघीस करत असतील.
सुई तेव्हाच मेली असेल
आणि मी म्हटलं असेल, दिसत नाही ना, झालं तर.

पासोड्या विठोबाजवळच्या बोळात
एका शाळेच्या जुन्या प्रिंटरचं डोकं मिळालं,
निकाल छापून छापून गुळगुळीत, पण नऊच्या नऊ शाबूत.
संध्याकाळी बसवलं. डोक्याचे पैसे घेतले,
हाताचे नाही. शेठनी कारण विचारलं नाही,
मी सांगितलंही नाही.
पेन्सिलीची ओळ खोडली. नीट निघाली नाही.

उभेची पावती पुन्हा काढली, ड्राफ्टमध्येच.
त्याने वाचली नाही.
पिवळी प्रत पालथी करून
तराजूकडे बघत अंगठा फिरवला.

"हां," म्हणाला. "आता टोचतंय."