गुडघा की कंबर

दुपारी दोनला आम्हा नऊ जणांना आत घातलं
आणि पट्टेवाल्यानं बाहेरून कडी लावली.
टेबल एक, खुर्च्या आठ.
मी तांबट. बैठक मारून ठोके घालणारा माणूस,
तेव्हा खिडकीशी उभा राहिलो.

प्रश्न म्हटला तर साधा :
त्या रात्री गोदेचं पाणी
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला होतं की कमरेला?
गुडघ्याला असेल, तर झिपरू पंचवटीतून
सांडव्यावरून अंधारात चालत आला,
मुनिमाला मारलं, आला तसा परत गेला.
कमरेला असेल, तर सांडवा बुडालेला,
पुलावरच्या शिपायानं कुणाला पाहिलं नाही,
आणि झिपरू तपकिरीच्या गिरणीत पोत्यांवर झोपलेला,
तो म्हणतो तसा.

नऊच्या नऊ नाशिकचे. पूर प्रत्येकानं पाहिलेला.
तारमास्तर राजगुरू म्हणाले, गुडघा. मी छत्री घेऊन उभा होतो.
नेमाडे म्हणाले, कंबर. माझा कापडाचा गठ्ठा गेला.
ओढेकर म्हणाले, तो पूर त्या सालचा नव्हेच,
आणि माझ्या बागेत औषध मारायचं राहिलंय.
मारुतीला तोंडं दोन,
पण त्याला पिंजऱ्यात कोण उभा करणार?

पाचला चिठ्ठ्या टाकल्या. चार गुडघा, पाच कंबर.
साहेबांनी परत पाठवलं :
एकमत होतंय का बघा, घाई नाही.
घाई नाही म्हटल्यावर सगळ्यांनाच घाई सुटली.
चहा आला, त्यावर साय धरली.
दिवा आला. दम्याचे मास्तर
भिंतीला पाठ लावून श्वास मोजत बसले.

मग राजगुरू माझ्याजवळ आले, हळू, अगदी घरच्यासारखे :
तांबट, तुम्ही स्वतः घाटावर होतात का त्या रात्री?
नव्हतो.
मग कंबर कशावरून म्हणता?

आता सांगतो. तेव्हा सांगितलं नाही.
सांडवा वाजतो. आमच्या आळीत रात्री
हातोडे थांबले की ऐकू येतो,
मोठ्या हंड्यात कुणी पाणी ओतत राहावं तसा.
त्या रात्री तो वाजत नव्हता.
वरून पाणी गेलं की सांडवा मुका होतो,
हे मला पोर असल्यापासून माहीत.
पण न आलेला आवाज
पुरावा म्हणून टेबलावर कसा ठेवायचा?
तारमास्तर हसले असते.
हसले नसते कदाचित.
मला भूक लागली होती, हेही खरं.

साडेनऊला माझा हात वर गेला.
पाच-चार.
बहुमतानं पाणी मारुतीच्या कमरेवरून
गुडघ्यावर उतरलं.

झिपरूनं आमच्याकडे पाहिलं नाही.
तो साहेबांमागच्या घड्याळाकडे बघत होता,
कामाची पाळी चुकलेल्या माणसासारखा.
जन्मठेप झाली.
पुढे काही वर्षांनी ज्यूरीच बंद पडली,
राजगुरू म्हणाले, बरं झालं, कटकट गेली.

भांड्याला पोचा आला
तर तापवून पुन्हा ठोकता येतो.
मी पुष्कळ ठोकले.

अजून पाणी चढलं की लोक घाटावर धावतात,
मारुती किती बुडाला ते बघायला.
मी जात नाही.
हातोडा मांडीवर ठेवतो
आणि ऐकत बसतो.
वाजतोय. वाजतोय अजून.
वाजतो