दोनशे बारा खुर्च्या

सभागृहाच्या किल्ल्या माझ्याकडे असतात.
नाव द्झिद्रा. वय विचारू नका, पगार विचारा:
उन्हाळ्यात होता त्याच्या निम्मा.
खुर्च्या मात्र तेवढ्याच आहेत, दोनशे बारा.
त्यातल्या नऊ डुगडुगतात,
त्या मी मागच्या रांगेत लावते.

लाटव्हियाच्या या टोकाला, दाउगावा नदी वळते तिथे,
लिननची गिरणी होती.
भोंगा थांबला तेव्हा कुत्रीसुद्धा
दोन दिवस जेवली नाहीत.
मग माणसं निघाली.
माझी सून आयर्लंडमध्ये अळंबी खुडते.
फोनवर म्हणते, आई, इथे दिवसभर अंधारात काम,
अगदी आपल्याकडच्या जानेवारीसारखं.

जानेवारीतच निवडणूक लागली, मुदतीआधी.
सगळ्यांना सभागृह हवं.
बॉयलर तासाभराचा, पुढे पैसे पडतात.
पहिले आले ते म्हणाले, तिजोरी आधीच्यांनी खाल्ली.
आधीचे दुसऱ्या दिवशी आले,
म्हणाले, वादळ समुद्रापलीकडून आलं,
आणि जाताना आमचा माइक घेऊन गेले.
तिसऱ्यांनी कंबर कसायला सांगितलं.
सांगणाऱ्याचा पट्टा नवा होता.
मी दुसऱ्या रांगेत होते, मला भोकं मोजता आली.

गुन्वाल्दिस गिरणीत माग दुरुस्त करायचा.
तो प्रत्येक सभेला येतो, उबेसाठी.
प्रत्येकाला एकच विचारतो:
सहा चाळीसची बस परत कधी?
त्याची बायको डायलिसिसला जाते, साठ किलोमीटर.
एकाने त्याला टक्के सांगितले.
एकाने युरोप सांगितला.
एकाने हातात फुगा दिला.

खुर्चीसाठी भांडतात, असं सगळेच म्हणतात.
मला तर सभा संपल्यावर
एकानेही एक खुर्ची उचललेली आठवत नाही.

शेवटच्या गुरुवारी रस्त्याची काच झाली.
दोन पक्षांना मी चुकून एकच वेळ दिली होती.
(चुकून, असं नगरपालिकेला लिहून दिलंय.)
श्रोते अकरा. बॉयलर विझला, गाड्या हलेनात.
मी बटाटे उकडले, आउस्माने काळा पाव आणला.
म्हातारा ऑयार्स आणि ती तरुण वकील, लाइमदोता,
कोट न काढता एकाच टेबलाशी बसले,
एकच मिठाची वाटी, दोघांच्या मध्ये.

गुन्वाल्दिसने एक पोस्टर उलटं करून पसरलं.
वर पेन्सिल ठेवली.
लिहा, म्हणाला. काय कापणार ते नावानिशी लिहा.
आरोग्यखर्च नाही, नर्स वल्दा.
शाळांची पुनर्रचना नाही, ती चौदा पोरं
आणि त्यांना रोज किती चालावं लागेल ते.

बराच वेळ पेन्सिल तशीच पडून.
मग ऑयार्स म्हणाला, मला माहीत नाही.
तीस वर्षांत या छताखाली
टाळ्या न मागणारं हे पहिलं वाक्य.
लाइमदोता म्हणाली, मलाही नाही.
पण चौकातल्या पुतळ्यावरचे नवे दिवे थांबवले
तर एक बस निघते बहुतेक.
तिने भागाकार केला, तो चुकला.
त्याने दुरुस्त केला, तिने करू दिला.
पहाटे दोनपर्यंत तीन ओळी झाल्या,
खाली दोन सह्या.
जाता जाता तिने दोन खुर्च्या उचलल्या,
त्यातली एक डुगडुगणारी निघाली.

उगाच गोड मानू नका.
शनिवारच्या पेपरात दोघांनी एकमेकांना चोर म्हटलं.
कोण जिंकलं ते सांगण्यासारखं नाही.
सून अजून अळंबीच खुडते,
गिरणीत कबुतरं राहतात.

पण मार्चपासून सहा चाळीसला
एक जुनी बस येते, दिवा एकच लागतो तिचा.
गुन्वाल्दिसची बायको खिडकीशी बसते,
आणि मी कुठे जायचं नसलं तरी
झाडू हातात धरून बस वळेपर्यंत बघते.

पोस्टर मी खुर्च्यांच्या खोलीत लावलंय.
हसरा चेहरा भिंतीकडे,
मागची बाजू बाहेर.