घर्षण

सोमवारी पेपर, रविवारी लळिंगला रेस.
देवरे सरांनी विचारलं, यातलं नक्की काय सोडणार?
मी म्हटलं, सर, झोप.

पहाटे चारला एन्ट्रॉपीची तीन पानं,
मग चेनला तेल,
आणि काळ्या बोटांचे ठसे
नेमके दुसऱ्या नियमावर.

सायकल जुनी, नाशिकच्या कुणाची तरी.
पुढचा शॉकर रईसभाईंनी
लुनाच्या स्प्रिंगवर चालता केला.
पैसे निकालानंतर दे, म्हणाले.
कुठल्या निकालानंतर, ते मी विचारलं नाही.

कुरणात कुसळं पायमोज्यांतून आत.
मुरूम असा निसटता
की चाक आधी जातं, मी मागून.
उतारावर एकदा चाक गेलं, मी राहिले,
तळहातावर.
दुसऱ्या फेरीत बाभळीचा काटा.
पंक्चर काढताना एक ठेलारी
मेंढरं थांबवून शेजारी उकिडवा बसला.
"काय भेटस वं पोरी, इतलं पयीसन?"
सर्टिफिकेट, म्हटलं.
तो हसला. मलाही हसू आलं.
टायर त्याने घट्ट धरला,
मी हवा भरली.

एकतीस जणांत सव्विसावी.

आज हॉलमध्ये पेन धरलं
की जखम उघडते.
प्रश्न तिसरा: घर्षणात वाया गेलेली ऊर्जा कुठे जाते?
'वाया' हा शब्द मी प्रश्नपत्रिकेवरच खोडला
आणि लिहीत सुटले.
सात गुणांना साडेतीन पानं.
पुरवणीच्या कोपऱ्याला थोडं रक्त लागलं.
सुपरवायझर मॅडमनी बघितलं,
आणि सही
जरा बाजूला केली.