काळं नख

शटर अर्धं खाली ओढलं होतं, तेव्हा
व्होंद्राचेक आजोबा वाकून आत आले.
कोटाच्या आत काहीतरी हलत होतं.
"डॉक्टरकडे हा भीतीनेच मरेल," म्हणाले.
"तुम्ही नखांचंच करता ना?"

करते. अकरा वर्षं, ब्रनोच्या ह्याच गल्लीत.
लग्नाची नखं, मुलाखतीची नखं,
एकदा एका बाईची घटस्फोटाच्या सकाळी, लाल.
पण पंजा कधी हातात धरला नव्हता.

राखाडी अंग, शेपटीत तेवढा विस्तव.
नाव कोमिन. म्हणजे धुराडं.
नखं आकड्यासारखी वळलेली,
आजोबांच्या स्वेटरचा एक टाका उसवून बसलेली.

टॉवेलात घेतला. छाती दाबायची नाही,
छाती हलली नाही की पक्षी संपला.
हे हायफोंगच्या मामाचं शिकवणं.
त्याच्याकडे शिपाई बुलबुल होते,
मला मुलांपेक्षा जास्त ओरडायचे.

माणसाच्या नखात गुलाबी कुठे संपतं ते दिसतं.
ह्याचं नख काळं.
आत नस आहे; कुठवर, ते सांगत नाही.
म्हणून कापायचं नाही, घासायचं.
जरासं. थांबून बघायचं. मग त्याच्या निम्मं.
तरी तिसऱ्या बोटाला थेंब आलाच.
कॉर्नफ्लोअर दाबून धरलं. आजोबांनी डोळे मिटले.
मी माझ्या भाषेत म्हणाले, माफ कर.
ह्या दुकानात ती भाषा
मी फक्त फोनवर बोलते.

"आता चोचही थोडी," ते म्हणाले.
चोच खालच्या ओठावरून पार पुढे गेलेली,
पापुद्रे सुटलेले.
मी कानस खाली ठेवली.
"खातो काय?"
"सूर्यफुलाच्या बिया. रविवारी सॉसेज.
एकटाच आहे हो, तेवढे चोचले चालायचेच."
कोण एकटा, ते मी विचारलं नाही.

ज्याने चोच दिली तो चाराही देतो, खरं आहे.
पण चारा चुकला की आधी चोचच बोलते:
आत यकृत थकलंय, बघा.
वरून घासून तिला गप्प करता येईल.
मी रोज तेच करते,
पिवळ्या नखांवर दोन हात रंग.
"ही माझ्या हातची नाही," म्हटलं, "ही डॉक्टरची.
आणि सफरचंदाची फांदी लावा पिंजऱ्यात, सालीसकट,
ती गुळगुळीत दांडी फेकून द्या."
पत्ता लिहून दिला. समुद्रफेन कुठे मिळतं, तेही.

पैसे काढायला त्यांनी हात पुढे केला
तेव्हा दिसलं. अंगठ्याचं नख चिरलेलं,
करंगळीचं वाढून आत वळलेलं.
दिसत नसेल. किंवा कात्री धरवत नसेल.

"बसा," म्हटलं, आणि शटर पूर्ण खाली घेतलं.
कोमट पाणी. थोडा साबण.
जुनी, जाड, पिवळी नखं,
पण गुलाबी कुठे संपतं ते दिसत होतं.

कोमिनने माझी लाकडी काडी पळवली,
आणि दिव्याखाली बसून
ती कुरतडत राहिला, कुणी न सांगता.